भाऊबीजेचा घरचा फोटो: कुणी काय घालायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. भाऊबीजेला गावच्या घरी सतरा माणसं जमणार. धाकटे दीर-जाऊ न्यू जर्सीहून येणार, म्हणजे सगळे एकत्र असण्याचा योग बऱ्याच वर्षांनी येतोय. नणंदबाईंनी ठरवलंय की बायकांनी गुलाबी साड्या नेसायच्या आणि पुरुषांनी गुलाबी कुर्ते घालायचे. त्यांनी ऑनलाइन सेटसुद्धा बघून ठेवलेत. सासूबाई म्हणतात, "मी माझी हिरवी इरकल नऊवारीच नेसणार, तुमचं तुम्ही बघा." चार वर्षांचा मुलगा शेरवानी अंगाला लावू देत नाही. फोटो सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर काढायचा, तिथली भिंत पोपटी ऑइलपेंटची. आणि तुम्ही विचारताय की कोणता रंग ठरवला तर सगळ्यांना चालेल आणि फोटोही चांगला येईल?

मी सांगली-कोल्हापूर भागात बरीच वर्षं घरगुती फोटो काढतेय. बारशी, साठीशांत, आणि दिवाळीत असे मोठ्या कुटुंबांचे. सतरा जणांना चालेल असा एक रंग मला अजून सापडलेला नाही, आणि तो शोधायची गरजही पडलेली नाही. कारण मी रंगापासून सुरुवातच करत नाही. जे काही केल्या बदलणार नाही, ते आधी लिहून काढते. तुमच्याकडे अशा दोन गोष्टी आहेत, सासूबाईंची साडी आणि सोप्याची भिंत. बाकी पंधरा-सोळा जणांचे कपडे त्या दोन्हींना धरून ठरवायचे. उलट केलंत, म्हणजे आधी गुलाबी ठरवून मग सासूबाईंना त्यात बसवायला गेलात, तर फोटोच्या दिवशी दोन गोष्टी होतील. एकतर त्या नाइलाजानं गुलाबी नेसतील आणि ते चेहऱ्यावर दिसेल, किंवा हिरवीच नेसतील आणि ऐन मधोमध बसूनही फोटोत त्याच परक्या दिसतील. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला वेगळं पाडणारा फोटो कशाला काढायचा?

आता त्या साडीकडे नीट बघा. इरकल साधारणपणे अंगाला एका गडद रंगाची असते, काठ तांबडे किंवा डाळिंबी, आणि पदर तांबडा, त्यावर पांढरी नक्षी. तुमच्या सासूबाईंची हिरवीही अशीच असावी असं धरून चालते, वेगळी असेल तर पुढचं त्याप्रमाणे बदला. या एका साडीत तीन रंग तयार मिळाले, गडद हिरवा, तांबडा आणि पांढुरका. जुन्या विणकरांनी हे आपल्यासाठी करूनच ठेवलंय, त्यामुळे मला रंगचक्र वगैरे काही उघडावं लागत नाही. या तिघांच्या आसपासचे, पण थोडे मऊ रंग बाकीच्यांना द्यायचे. विटकरी, डाळिंबी, मोहरीसारखा दबका पिवळा, मोतिया, श्रीखंडी, शेवाळी. एखाददुसरी व्यक्ती आमसुली किंवा गडद निळ्यात असली तरी बिघडत नाही, उलट डोळ्याला विसावा मिळतो.

मग गुलाबीचं काय? नणंदबाईंना दुखावण्याचं कारण नाही. गुलाबीत अबोली आणि मातकट गुलाबी या साडीशेजारी छान बसतात. राणी रंग मात्र तांबड्या पदराशेजारी आला की दोघं भांडतात आणि नजर चेहऱ्याकडे जातच नाही. तेव्हा त्यांनी स्वतः अबोली नेसावी, हवं तर त्यांच्या मुलींनीही. आणि सगळ्यांकडून कपड्यांचे फोटो मागवून जुळवाजुळव करायचं काम त्यांच्याचकडे द्या. ज्यांना ठरवायची हौस असते त्यांच्या हातात यादी दिली की निम्मे वाद मिटतात, हे मी फोटोग्राफीपेक्षा जास्त खात्रीनं सांगू शकते.

सगळ्यांनी एकच रंग का नको, याचं कारण निव्वळ आवडीनिवडीचं नाही. सतरा माणसं तीन रांगांत दाटीनं उभी-बसलेली असतात. सगळे एका रंगात असले की एकाचा दंड कुठे संपतो आणि दुसऱ्याचा खांदा कुठे सुरू होतो हेच कळत नाही. कापडाचा एक मोठा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेली डोकी, असं काहीतरी दिसतं. दुसरं म्हणजे, तो "एकच" रंग प्रत्यक्षात एक येतच नाही. चार ठिकाणांहून मागवलेले गुलाबी चार तऱ्हांचे निघतात. मोबाइलच्या पडद्यावर एक, पार्सल उघडल्यावर दुसरा, आणि सुती कापडावरचा गुलाबी पॉलिएस्टरवरच्या गुलाबीशी कधीच जुळत नाही. पूर्ण वेगळे रंग शेजारी आले तर ते ठरवून केलेलं वाटतं. किंचित वेगळे आले तर चुकलेलं वाटतं.

पूर्वी दिवाळीत घरातल्या सगळ्या पोरांना एकाच ताग्यातून शर्ट शिवायचे, आठवतं? ते जुळायचं, कारण कापडच एक होतं. आजही एवढ्यापुरतं करायला माझी हरकत नाही. तीन चुलत भावंडांना एकाच ताग्यातले झब्बे, किंवा छोट्या मुलींना एकाच खणाचे परकर-पोलके, हे सुरेख दिसतं. मुलं फोटोत विखुरलेली बसतात, त्यामुळे तोच रंग दोन-तीन ठिकाणी पुन्हा दिसतो आणि सगळा फोटो आपोआप बांधला जातो. मोठ्यांचा मात्र गणवेश करू नका.

रंगांपेक्षाही मी ज्याकडे जास्त लक्ष देते ते म्हणजे गडद-फिकं. याची एक साधी परीक्षा आहे. ज्यांचे कपडे घरात आहेत त्यांचे पलंगावर शेजारी शेजारी पसरा, खिडकीच्या उजेडात, दिवे बंद करून. मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आता बघा, सगळं एकाच करड्या छटेत गेलंय का? तसं झालं तर रंग कितीही वेगळे असोत, गटाच्या फोटोत ते एकमेकांत मिसळणार. काही गडद, काही मधले, काही फिके असं दिसलं पाहिजे. डाळिंबी आणि बाटलीहिरवा डोळ्यांना अगदी उलट वाटतात, पण कृष्णधवल केल्यावर जवळजवळ जुळे निघतात. जुन्या काळची एक गंमत यावरून आठवली. आजी-पणजीच्या लग्नाच्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं ना? त्या वेळच्या बऱ्याच फिल्मना तांबडा उजेड दिसतच नसे, त्यामुळे लाल म्हणजे काळं. जुने स्टुडिओवाले रंगापेक्षा गडद-फिक्याचाच विचार करून माणसं बसवायचे, आणि म्हणूनच ते फोटो आजही इतके नीटनेटके वाटतात.

न्यू जर्सीच्या मंडळींना त्यांचे कपडे तिकडेच पसरून, दिवसाउजेडी खिडकीपाशी फोटो काढून पाठवायला सांगा. रात्री दिव्याखाली काढलेला फोटो अजिबात धरू नका. पिवळ्या दिव्यात मोतिया पिवळा दिसतो आणि निळा-जांभळा मळकट होतो.

तांबड्याबद्दल एक सावधगिरी. चटकदार लाल कॅमेऱ्याला झेपत नाही, मोबाइलला तर नाहीच. लाल रंग टोकाला गेला की चुण्या, विणकाम, काठाची नक्षी सगळं पुसलं जातं आणि एक सपाट डाग उरतो. म्हणून मी लालऐवजी विटकरी किंवा डाळिंबी सुचवते. सासूबाईंचा पदर तांबडा आहे, त्याची काळजी नको, पांढऱ्या नक्षीमुळे तो तुटक दिसतो. तसंच झगझगीत पोपटी किंवा केशरी कुर्ते टाळा. कापडावरून उजेड उसळतो तो त्या रंगाचा होऊन हनुवटीखाली पडतो, आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो.

पुरुष मंडळी सहसा म्हणतात, "आम्ही आपले पांढरे झब्बे घालतो, प्रश्नच मिटला." मिटत नाही. गडद साड्यांच्या रांगेत पाच-सहा पांढरेशुभ्र झब्बे म्हणजे फोटो बघणाऱ्याची नजर आधी झब्ब्यांवर जाणार. शिवाय उजेड कपड्यांना जुळवला तर चेहरे काळवंडतात, चेहऱ्यांना जुळवला तर झब्ब्यांची बटणंसुद्धा दिसत नाहीत. पांढऱ्याऐवजी मोतिया किंवा श्रीखंडी घ्या. घरात पांढरेच असतील तर वरून गडद जाकीट घाला, काम होतं. आणि सगळे फिके एका बाजूला उभे करू नका, फोटो तिकडे कलतो. काळा रंग? संक्रांत सोडली तर सणाला काळं घालायला घरातली मोठी माणसं कुरकुरतातच, तेव्हा तो विषय उघडूच नका.

एक नाजूक गोष्टही सांगते, तुमच्याकडे लागू नसेल तर सोडून द्या. अनेक घरांत एखादी आत्या किंवा काकू असते जी नवरा गेल्यापासून फिक्या साड्याच नेसते. तिला "आज तरी रंगीत नेसा" असा आग्रह सगळ्यांसमोर कुणी करू नये. नेसली तर आनंदच आहे, पण ते तिचं तिनं ठरवावं. तुमच्या रंगांत मोतिया आणि श्रीखंडी आधीपासून असले, दोन तरुण मुलींनीही ते घातलेले असले, तर तिची फिकी साडी फोटोत वेगळी पडत नाही. म्हणून मी फिका रंग प्रत्येक गटात ठेवतेच.

आता कापड. दिवाळीत हमखास चूक होते ती इथे. ऑनलाइन मिळणाऱ्या सेटमधलं बरंचसं कापड चकचकीत सॅटिन किंवा पॉलिएस्टर असतं. त्यावर उजेडाचे पांढरे पट्टे उमटतात, आणि ते नेमके पोटावर, मांडीवर, दंडावर, जिथे कुणालाच नको असतात. सुती, खादी, खण, लिनन, कोसा, हातमागाचं रेशीम ही कापडं उजेड पसरवतात. जरीचं वेगळं आहे. पैठणीची जर बाजूनं येणाऱ्या मऊ उजेडात खुलते, आणि समोरून फ्लॅश मारला की नुसती पांढरी पडते. तेव्हा घरात पैठणी असेल तर खुशाल नेसा, फक्त फोटो काढणाऱ्याला फ्लॅश बंद ठेवायला सांगा. धूपछाँव साड्यांत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे उभ्या बाईची साडी जांभळी आणि तशीच साडी नेसून बसलेल्या बाईची तांबूस दिसू शकते. सुंदर कापड आहे, पण दोन जावांनी जोडीनं घेतलं तर ते जुळेलच असं धरू नका.

बारीक चौकटी आणि बारीक रेघांचे शर्ट टाळा. कापडावरच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या आतल्या ठिपक्यांची जाळी एकमेकांत अडकली की शर्टावर लहरी-लहरींचे रंगीत पट्टे दिसतात. कॅमेऱ्यात आलं नाही तरी व्हॉट्सअॅपवर फोटो लहान होऊन गेला की येतं. इरकलीत अशा बारीक चौकटी असतात कधीकधी. सासूबाईंची तशी असेल तर तिला हात लावायचा नाही, फोटो मोठ्या आकारात काढायचा आणि मूळ फाइल जपून ठेवायची, एवढंच. मोठ्या छापाचं कापड एका रांगेत एखाद्याच अंगावर असू द्या. छाती भरून मजकूर लिहिलेले टी-शर्ट तर नकोच. तीस वर्षांनी नातवंडं फोटोतल्या माणसाऐवजी तो मजकूर वाचत बसतात.

भिंतीकडे येते. पोपटी ऑइलपेंट दोन प्रकारे त्रास देतो, तो चमकतो आणि त्याचा हिरवा उजेड चेहऱ्यांवर पडतो. शिवाय हिरवी साडी त्यावर हरवू शकते. भिंत रंगवून घ्या असं मी म्हणणार नाही, दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळणारही नाही. तिथेच काढायचा असेल तर सगळ्यांना भिंतीपासून सात-आठ फूट पुढे आणा. भिंत थोडी धूसर होते, सावल्या तिच्यावर पडत नाहीत आणि हिरवा उजेडही कमी होतो. सासूबाईंच्या पाठीमागे मोतिया किंवा अबोली घातलेलं माणूस उभं करा, म्हणजे हिरव्यावर हिरवं येणार नाही. त्याहून बरं, अंगणात उतरून जोत्यासमोर फोटो घ्या. मागे दरवाज्याचं लाकूड, पायऱ्या, कडेला तुळशीवृंदावन. लाकूड आणि दगडावर वर सांगितलेले सगळे रंग उठून दिसतात. तुमच्या जागी मी असते तर अंगणच निवडलं असतं, पण घराचं तोंड कुठे आहे, समोर मोकळी जागा किती, यावर ते ठरेल.

वेळेचंही कपड्यांशी नातं आहे. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो. साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान, सगळे सावलीत आणि समोर मोकळं आकाश, असा उजेड मिळाला तर वर सांगितलेला प्रत्येक रंग जसा आहे तसा येतो. घर पश्चिमेला तोंड करून असेल तर त्या वेळी तिरपं ऊन थेट डोळ्यांत येतं, मग ऊन झाडामागे जाईपर्यंत थांबा किंवा सकाळी घ्या. आकाशकंदील आणि माळा लावून संध्याकाळी काढायचा असेल तर तो दुसरा फोटो समजा. त्यात कपड्यांचे रंग पिवळट होणारच, रंगीत माळांमुळे कुणाच्या गालावर निळं, कुणाच्या गालावर जांभळं येणार. मजा म्हणून छान, पण भिंतीवर लावायचा फोटो उजेडातच घ्या.

तुमच्या मुलाबद्दल. शेरवानी राहू द्या. कडक कॉलर, आतून टोचणारी जर, वर दुपट्टा. चार वर्षांचं मूल ते घालून फार तर पाच मिनिटं बरं वागेल, आणि सतरा माणसं उभी करायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. मऊ सुती झब्बा, खाली सैल विजार, विटकरी रंगात. आठवडाभर आधी घरात एकदा घालू द्या, म्हणजे त्या दिवशी तो नवा वाटणार नाही. परकर-पोलक्याला आतून सुती अस्तर लावून घ्या, नाहीतर मुली काखेत खाजवतानाच फोटोत येतात. फराळ फोटोनंतर. चिवड्याचं तेल आणि हळद मोतिया झब्ब्यावरून निघत नाही. आणि फोटोनंतर फुलबाज्या उडवायच्या असतील तर मुलांना आधी साधे सुती कपडे घाला. पॉलिएस्टर पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. ओढण्या, पदर आणि खाली मांडलेल्या पणत्या यांचंही तसंच. फोटोत पणत्या हव्या असतील तर त्या कॅमेऱ्याच्या बाजूला, माणसांपासून चार हात दूर ठेवा.

कोण बसणार, कोण उभं राहणार हे कपडे निवडण्याआधी ठरवलंत तर आणखी सोपं जाईल. नऊवारी बसल्यावर फार सुंदर दिसते, काठ आणि निऱ्या समोर येतात, म्हणून सासूबाई मध्ये खुर्चीत. जमिनीवर बसणाऱ्यांनी तंग विजारी आणि आखूड कुर्ते घालू नयेत, कुर्त्याच्या बाजूच्या चिरा उघडतात आणि मोजे दिसतात. पुढच्या रांगेची पावलं दिसतातच, तेव्हा अनवाणी तर सगळे अनवाणी. एकाच्या पायात स्पोर्ट्सचे बूट आले की लक्ष तिथेच. मोबाइलनं काढणार असाल तर जवळून काढू नका, दूर जाऊन दुप्पट झूम लावा, नाहीतर कडेची माणसं आडवी ताणली जातात. ज्यांना अंगानं जाड दिसण्याची धास्ती असते त्यांना कडेला उभं करू नका. काळे कपडे घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तुमच्यासाठी ठरवायचं झालं तर मी असं करेन. सासूबाई हिरव्या इरकलीत मधोमध. सासरे त्यांच्या शेजारी मोतिया झब्बा, वर शेवाळी जाकीट. तुम्ही डाळिंबीत, धाकट्या जाऊबाई मोहरी रंगात, नणंदबाई अबोलीत, आणि तुम्ही तिघी शेजारी शेजारी उभ्या राहू नका. पुरुष मोतिया, श्रीखंडी, विटकरी असे विभागून. मुलं एका ताग्यातल्या विटकरी झब्ब्यांत आणि मुली खणात, इकडे दोन, तिकडे दोन. यातलं निम्मं तुमच्या कपाटांत आत्ताच निघेल. एका दुपारच्या फोटोसाठी सतरा नवे कपडे घेणं मला तरी पटत नाही. विकत घ्यायचंच झालं तर मुलांचे झब्बे आणि पुरुषांची एक-दोन जाकिटं, एवढंच. ते शिवून घेणार असाल तर कापड दसऱ्याआधी शिंप्याकडे पोचतं करा, नंतर बहुतेक जण नवं काम घेत नाहीत. न्यू जर्सीच्या मुलांची मापं मागवताना छातीबरोबर उंचीही विचारा, आणि झब्ब्याच्या आत शिलाईत दोन बोटं कापड सोडायला सांगा.